धोंडा मोडला काय?

चालत्या टेम्पोतून आनंद खाली उतरवून घेणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला. तो माझा घरमालक होता.

दिवाळीचे दिवस होते. बोईसरच्या ज्या दुकानात मी फ्रिज, टीव्ही आणि मिक्सर विकायचो, त्या दुकानाचा टेम्पो जाहिरात करत गावोगाव फिरत होता. ड्रायव्हरशेजारी मी. टपावर भोंगा, आणि भोंग्यात एक बाई अगदी लाडात येऊन सांगत होती, ‘या दिवाळीला आनंद घरी आणा!’ उमरोळी झालं, आणखी दोन-चार गावं झाली, आणि दुपारी आम्ही चिंचणीत आमच्याच आळीत शिरलो. माझे घरमालक, काका, ओट्यावरून उठले, रस्त्याच्या मधोमध येऊन उभे राहिले आणि त्यांनी हात आडवा केला.

“काय आनलंय?”

ड्रायव्हर उत्तरेकडचा, नवा. “चाचा, फ्रिज है, टीवी है, मिक्सर है.”

“भोंगा तर आनंद सांगतो. आनंद उतरव.”

ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिलं. मी समोरच्या चिंचेकडे पाहिलं.

“चाचा, आनंद मतलब...”

“मतलब राहू दे. उतरव. केवडा हाय ते बगतो.”

आणि खरंच उतरवायला लावलं हो! एक खोकं रस्त्यावर ठेवून त्यांनी ते स्वतःच्या छिन्नीने उघडलं. वर थर्माकोल, खाली थर्माकोल, पिशवीत मिक्सर, आणखी एका पिशवीत माहितीपुस्तक. सगळं बाहेर काढून रांगेत मांडलं. मग रिकामं खोकं कानाशी नेऊन हलवलं आणि जमलेल्या आळीला निकाल सांगितला, “यात नाय. दुसरा उतरव.” तीन खोकी फुटल्यावर आमचा टेम्पो उलटा चालत आळीबाहेर पडला. भोंग्यातली बाई मात्र शेवटपर्यंत लाडातच होती.

दुसऱ्या दिवशी शेठने विचारलं, “कोण होता तो?” मी म्हणालो, “असेल गावातला कोणी वेडा.” माझी नोकरी मला प्रिय होती.

काका डाय कोरायचे. चिंचणीत हा जुना धंदा. पोलादाच्या ठोकळ्यावर छिन्नीने नक्षी उलटी कोरायची. सोनार तिच्यावर सोन्याचा पातळ पत्रा दाबतो आणि पानंफुलं सुलटी उमटतात. डोळ्याला भिंग, हातात छिन्नी आणि बनियनवर तेलात कालवलेला पोलादाचा काळा कीस, असे काका दिवसभर खिडकीशी बसलेले असायचे. त्यांनी कोरलेली फुलं कुठल्याकुठल्या गावांतल्या बायकांच्या कानांत झुलत होती. काकींच्या कानांत मात्र लग्नातल्याच कुड्या. त्या मोडल्या नव्हत्या ना!

कारण घराचा कायदा एकच होता: जुनं मोडल्याशिवाय नवं आणायचं नाही. मी राहायला आलो त्या दिवशी माझ्याबरोबर नवा पंखा होता. काकांनी फाटकातच अडवलं.

“जुना मोडला काय?”

“आवाज करतो, काका.”

“आवाज तू पन करतोस. मोडला काय?”

मला माघारी पाठवून त्यांनी आधीच्या खोलीवरचा जुना पंखा आणवला, तासभर त्याच्या पोटात बोटं घातली आणि तो सुरू केला. नवा मी दुकानात परत नेला. शेठने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू हलवायाच्या पोराने जिलबीला नको म्हटलं.

काकांच्या चपलेला टायरचा तळ होता. छत्रीची मूठ त्यांनी सुरूच्या लाकडाची बसवली होती. मुंबईचा एक व्यापारी दर हंगामात नवी नक्षी मागायला यायचा, तेव्हा त्याच्याशीही हेच भांडण. “गेल्या सालची मोडली काय?” व्यापारी काकुळतीला येऊन सांगायचा, “मोडत नाही हो काका, पण गिऱ्हाईक कंटाळतं!” काका भिंग काढून त्याच्याकडे पाहायचे. “कंटाला आला तर झोपावं. त्याला सोनं कशाला लागतं?” कोरून मात्र द्यायचे. पोट होतं.

एकदा मी विचारलं, “काका, मग सुख म्हणजे काय?” ते म्हणाले, “रातीला अंथरुनात पडलो, आनि आज घरात काय मोडलं नाय, ते सुक.”

मला हे वाक्य इतकं आवडलं, की मी ते दुकानात, रिक्षात, पानाच्या टपरीवर सांगत सुटलो. दिवसभर लोकांना नको असलेल्या वस्तू गळ्यात मारायच्या आणि संध्याकाळी काकांचं वाक्य सांगून पवित्र व्हायचं, असा माझा दिनक्रम झाला. मी गोष्ट बरी सांगतो. काकांची चाल, काकांचा आवाज, खोकं कानाशी नेऊन हलवणं, सगळं करून दाखवायचो. लोक पोट धरून हसायचे आणि म्हणायचे, “संत माणूस!”

आता मला राग कशाचा येतो ते सांगतो.

माझी बायको-मुलगी तेव्हा गावी होती, सांगलीकडे. मी एकटा. खोलीच्या भाड्यातच दोन वेळचं जेवण आणि धुणं धरलेलं होतं. म्हणजे मी बोईसरला उभा राहून दिवसभर बायकांना कपडे धुण्याची मशीन दाखवायचो, ‘ताई, हातांना आराम द्या’ म्हणायचो, आणि तेव्हा माझ्या अंगात जो कडक पांढरा शर्ट असायचा, तो काकींनी परसात उकिडवं बसून धोंड्यावर आपटलेला असायचा. हे मला दोन वर्षं सुचलं नाही. दोन वर्षं! मी काही मूर्ख नव्हतो. मला सोयीचं होतं.

एका सकाळी काकींनी ताट वाढता वाढता विचारलं, “भाऊ, तुमच्या दुकानातल्या त्या मशिनीला नळ लागतो, का पानी वरनं वतलं तरी चालतं?”

मी वर पाहिलं. त्यांच्या उजव्या मनगटाला फडकं बांधलेलं होतं.

“वरून ओतलं तरी चालतं, काकी. हाताला काय झालं?”

“काय नाय. धुनं पिलताना कळ येते. बोईसरचा डाक्टर म्हनला, पिलू नका. मी म्हटलं, मंग कापडं काय फुंकून सुकवू?”

“काकांना सांगितलंत?”

त्यांनी आतल्या दिशेने नुसती मान उडवली. आतून छिन्नीची टकटक येत होती. ती थांबली.

“धोंडा मोडला काय?” आतून आवाज आला.

काकींनी मला आणखी एक भाकरी वाढली, डाव्या हाताने.

मी त्या दिवसापासून वकिली सुरू केली. नाना सोंगं काढली. डॉक्टरांची चिठ्ठी वाचून दाखवली. जुनं मशीन आणतो, नवं नको, म्हटलं. काकांचं उत्तर ठरलेलं. धोंडा म्हणजे खरं तर जाड दगडी लादी होती, दोन दगडांवर आडवी टेकवलेली, विहिरीच्या कडेला. “माज्या आयशीने त्याच्यावर धुतलं. माज्या आजीने धुतलं. त्याला काय झालंय?” दगडाला काहीच झालं नव्हतं, हे खरं. दगडाला काय होणार?

गंमत बघा, त्याच दिवसांत मी त्या माणसाची कीर्ती वाढवत होतो. किनाऱ्याला एक नवं रिसॉर्ट झालं होतं. त्याचा मॅनेजर खोल्यांसाठी एसी घ्यायला आमच्या दुकानात आला. गिऱ्हाईक मोठं, त्याला रिझवायचं म्हणून मी काकांचा अख्खा प्रयोग करून दाखवला, टेम्पोसकट. मॅनेजर हसला नाही. तो वहीत लिहून घेत होता.

“आमच्याकडे मुंबईची मंडळी येतात,” तो म्हणाला. “त्यांना सगळं मिळालेलं असतं. आता त्यांना साधेपणा हवा असतो. रविवारी सकाळी तासभर या काकांकडे आणलं तर?”

मला वाटलं, काका त्याचं थोबाड फोडतील. मी तो रविवार पाहायला मुद्दाम सुट्टी घेतली. गाडीतून बारा-पंधरा माणसं उतरली, अंगणात बसली. एकाने विचारलं, “काका, सुख म्हणजे काय?”

आणि काका, माझे काका, खाकरले, भिंग कपाळावर सरकवलं आणि म्हणाले, “रातीला अंथरुनात पडलो...”

टाळ्या पडल्या. तिथून पुढे दर रविवारी प्रयोग. पहिल्या वेळी मळक्या बनियनवर असलेला माणूस तिसऱ्या वेळी केस विंचरून बसला. पाचव्या वेळी तो रागावण्याच्या जागा ठरवून रागावू लागला. पाहुण्याच्या मनगटावरचं घड्याळ धरून विचारायचा, “आदीचं मोडलं काय?” पाहुणे खूश. ते रिसॉर्टवर परत जाऊन, मी विकलेल्या एसीत झोपायचे. मी नटासारखा बोलतो म्हणून मला नट ओळखू येतो. काकांना प्रेक्षक लाभले होते, आणि प्रेक्षकांसारखी वस्तू मोडल्याशिवाय कोणी टाकत नाही.

आत काय चाललेलं? आत काकी पंधरा माणसांचा चहा करत होत्या. मग पंधरा कपबश्या विसळत होत्या. मग रविवारचं धुणं: काकांचे बनियन, दिवसाला दोन, आणि पाहुण्यांसमोर आता स्वच्छ धोतर लागायचं, तेही. आणि भाऊंचे शर्ट.

एका रविवारच्या पाहुण्यांत एक बाई होती. चांगली होती बिचारी, तिच्यावर माझा राग नाही. ती परसात गेली, काकी धूत होत्या तिथे. “मी करून बघू?” म्हणाली. काकी बाजूला झाल्या. बाईने पदर नाही, ओढणी खोचली, माझाच एक शर्ट उचलला आणि धोंड्यावर आपटला. चारदा आपटला. तिच्या नवऱ्याने मोबाइलवर चित्रीकरण केलं. सगळी मंडळी आणि मागोमाग काकाही परसात आले.

“काय शांत वाटतं!” बाई धापा टाकत म्हणाली. “डोक्यातलं सगळं निघून जातं. आम्ही याच्यासाठी वर्गाला पैसे भरतो! काकी, तुम्ही किती सुखी आहात, तुम्हाला ठाऊक तरी आहे का?”

काका पुढे सरसावले. “तिला ठावं हाय. हा धोंडा माज्या आजीचा...”

काकी उठून आत गेल्या. मला वाटलं, लाजल्या. त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात काकांचा मोठा हातोडा होता, पोलादाचे ठोकळे तोडायचा.

“बाजूला व्हा, ताई,” त्या अगदी मायेने म्हणाल्या.

पहिल्या घावाला नुसती ठिणगी उडाली. दुसऱ्याला त्या कळवळल्या. मनगट त्यांनी पोटाशी धरलं, पण हातोडा सोडला नाही. मी पुढे झालो तर म्हणाल्या, “भाऊ, लांब.” तिसऱ्या घावाला लादी मधोमध दुभंगली आणि दोन तुकडे साबणाच्या पाण्यात बसले.

काकी काकांकडे वळल्या. “मोडला,” म्हणाल्या. “आता आना.”

आणि पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. हो! त्यांना वाटलं, हा कार्यक्रमाचा भाग आहे. मॅनेजरही वाजवत होता. त्या बाईचा नवरा तर पुढे येऊन म्हणाला, “शेवटचं वाक्य परत एकदा म्हणाल का? पाण्याच्या आवाजात नीट आलं नाही.”

त्याला फाटकाबाहेर मी काढला. मॅनेजरलाही काढला. एसीची उरलेली ऑर्डर गेली. जाऊ दे.

कोणालाही वाटेल, इथे काकांचे डोळे उघडले असतील. छे! मोडलेली वस्तू आधी दुरुस्त करायची, हे कायद्याचं पुढचं कलम. त्यांनी संध्याकाळपर्यंत सिमेंट आणून लादी जोडली, वर ओला गोणपाट घातला आणि म्हणाले, “दोन दिसांत पयल्यासारका.”

“बसा मंग त्याच्यावर,” काकी म्हणाल्या.

त्यांनी धुणं सोडलं. भांडण नाही, अबोला नाही. जेवायला वाढत होत्या, बोलत होत्या. फक्त परसात जात नव्हत्या. कपड्यांचा ढीग वाढत गेला. मी माझे शर्ट गुपचूप मोरीत धुऊ लागलो आणि पहिल्याच दिवशी मला कळलं, की कॉलर काय चीज असते. चौथ्या दिवशी काकांचे बनियन संपले. ते तोंडातल्या तोंडात पुटपुटत परसात गेले आणि सिमेंटच्या सांध्यावर धोतर आपटू लागले. आम्हाला दाखवायलाच जोरजोरात आपटत होते. असं तीन दिवस चाललं.

त्या वेळी त्या व्यापाऱ्याची मोठी डाय हातात होती. दीड महिना कोरलेली, मोगऱ्याच्या वेलाची. शेवटच्या पाकळ्या राहिल्या होत्या. तिसऱ्या दिवशी धुणं आटोपून काका खिडकीशी बसले, भिंग लावलं, छिन्नी टेकवली, आणि मनगटातून कळ आली. छिन्नी सटकली. एक ओरखडा, बारीक, केसाएवढा, पाकळीतून थेट देठापर्यंत. पोलादातून निघालेला कण परत बसवता येत नाही. दीड महिना गेला.

मी तेव्हा दुकानात होतो. दुपारी काचेचं दार ढकलून काका आत आले. सगळ्या टीव्हींवर एकच नाच चालू होता, त्या नाचातून चालत ते माझ्या टेबलाशी आले. डाय ठेवली, शेजारी स्वतःचा हात ठेवला. मनगट सुजलं होतं.

“मशीन दाकव,” म्हणाले.

मी खूश व्हायला हवं होतं. जिंकलो होतो. पण माझ्या डोक्यात काहीतरी तडकलं.

“काका, काकींच्या मनगटाची चिठ्ठी मी तुम्हाला वाचून दाखवली होती.”

“तिचं दुकत होतं.”

“मग?”

“दुकनं आनि मोडनं यात फरक हाय.”

“आणि तुमचं?”

“माजं मोडलं. काम अडलं ना माजं!”

“त्यांचं अडलं नाही, कारण त्या दुखत्या हाताने करत राहिल्या!” मी ओरडलो. “चाळीस वर्षं त्या हाताकडे तुम्ही पाहिलं नाहीत, आणि तुमचा हात तीन दिवसांत दुकानात घेऊन आलात! ‘घरात आज काय मोडलं नाही’ म्हणे! काय मोडलं, ते झाकायला तुम्हाला आणि मला एक बाई होती, काका!”

शेठ धावत बाहेर आला. मी गिऱ्हाइकाशी भांडतोय असं त्याला वाटलं, आणि ते खरंच होतं. काका एवढंच म्हणाले, “वरनं पानी वतायचं दाकव.”

म्हणजे त्या सकाळचं काकींचं बोलणं त्यांनी शब्दन् शब्द ऐकलेलं होतं. याचा मला जास्तच राग आला.

मशीन आलं. मी स्वतः बसवलं, परसाच्या पडवीत. काकी दाराला टेकून पाहत होत्या. आनंदाने हात फिरवतील, नारळ आणतील, अशी माझी तयारी होती. दुकानातर्फे फोटो काढायची पद्धत असते. त्या म्हणाल्या, “हे कोनासाठी आनलं?”

“घरासाठी,” काका म्हणाले.

“खरं बोला.”

“हात दुकतो.”

“कोनाचा?”

काकांनी सुजलेलं मनगट पाठीमागे नेलं.

“मंग ज्याचा हात, त्यानं चालवावं,” काकी म्हणाल्या. “मी मागितलं तवा आलं असतं, तर मी चालवलं असतं.”

आणि मी तिथे असेपर्यंत त्यांनी त्या मशीनला बोट लावलं नाही. त्या बाईला ते मशीन हवं होतं, किती हवं होतं ते मी पाहिलं होतं. पण आयत्या वेळी त्यांनी ते नाकारलं, आणि त्यातून त्यांना जे मिळालं ते आमच्या दुकानात विकायला नव्हतं. मला वाईट वाटलं आणि मला टाळ्या वाजवाव्याशाही वाटल्या. पण टाळ्यांचं काय होतं, ते मी त्या परसात पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शर्टांची बादली घेऊन गेलो. काकी म्हणाल्या, “भाऊ, धुणं त्यांच्याकडं.” मी मशीनपाशी गेलो. काका भिंग लावून बटणं वाचत होते. त्यांनी माझा वरचा शर्ट उचलला, उजेडात धरला, कॉलर तपासली, वास घेतला.

“हा मलला नाय. ने परत.”

“काका, काल दिवसभर घातलाय.”

“अजून दोन दिस चालंल. उगा काय रोज रोज?”

त्यांच्या स्वतःच्या अंगात बुधवारचा बनियन होता. त्या दिवशी शुक्रवार होता.

काकी चपला घालत होत्या. त्या थांबल्या. “दिवसाला दोन लागायचे यांना,” त्या मला म्हणाल्या, पण बघत काकांकडे होत्या. “दोन! मी धुवायची तवा.”

काकांनी माफी मागितली, असं मला सांगता आलं असतं. गोष्ट गोड झाली असती. त्यांनी मागितली नाही. त्यांनी माझा शर्ट माझ्या अंगावर फेकला आणि मशीनचं झाकण आपटलं. मशीन घरघरू लागलं.

काकी फाटकातून बाहेर पडल्या, समुद्राकडे. समुद्र आमच्या घरापासून पाच मिनिटांवर. त्या परत कधी येणार, ते विचारायची आमची कोणाची छाती झाली नाही. आम्ही दोघे पुरुष ओट्यावर बसून त्यांची वाट पाहत राहिलो. नऊ वाजून गेले होते, आणि चहा अजून कोणीच ठेवला नव्हता.